दोन चमच्यांचं हृदय, अठरा परार्ध कण

माणसाचं हृदय दिवसभरात जेमतेम दोन चमचे चरबी जाळतं. वजन तीनशे ग्रॅमच्या आसपास, आकार आवळलेल्या मुठीएवढा. मिनिटाला सत्तर ठोके धरले तर दिवसाचे १,००,८०० ठोके. मिनिटाला पाच लिटर रक्त पुढे ढकललं जातं, म्हणजे दिवसाला ७,२०० लिटर. सत्तर वर्षांच्या आयुष्यात ठोके भरतात सुमारे २५८ कोटी, आणि रक्त १८ कोटी लिटरच्या वर. मध्ये एकही सुट्टी नाही.

या कामाला लागणारं इंधन प्रामुख्याने चरबीचं असतं. विश्रांती घेत असलेला एक किलो स्नायू दिवसाला १३ कॅलरी खर्च करतो. एक किलो यकृत २००, एक किलो मेंदू २४०. हृदयाचा दर आहे किलोमागे ४४० कॅलरी. आपल्या पोटावरची चरबी मात्र किलोमागे फक्त साडेचार कॅलरी घेते. तीनशे ग्रॅमच्या हृदयाला दिवसाला साधारण १३० कॅलरी लागतात आणि त्यातल्या साठ-सत्तर टक्के मेदाम्लांमधून येतात. हिशेब केला तर नऊ-साडेनऊ ग्रॅम चरबी झाली. सत्तर वर्षांची बेरीज होते सुमारे २४० किलो.

या चरबीतून हृदयाच्या पेशी एटीपी नावाचं रसायन घडवतात. स्नायूचं आकुंचन-प्रसरण चालतं ते त्याच्यावर. हृदय रोज सुमारे सहा किलो एटीपी बनवतं आणि तेवढंच मोडतं. स्वतःच्या वजनाच्या वीसपट माल एका दिवसात हातावेगळा होतो. शिल्लक साठा मात्र काही सेकंदांपुरताच. पुरवठा थांबला, तर दहा सेकंदांच्या आत तिजोरी रिकामी.

चरबी ही हृदयाची वैरीण, असं आपण लहानपणापासून ऐकत आलोय. ती वैरीण असती, तर या अवयवाने रोजच्या जेवणासाठी तिचीच निवड केली नसती. तरीही जगात सर्वाधिक माणसं हृदय आणि रक्तवाहिन्यांच्या आजारांनीच जातात, वर्षाला पावणेदोन कोटींहून अधिक, आणि त्या आजारांत चरबी वाहणाऱ्या कणांचा वाटा मोठा आहे, हेही तितकंच खरं. दोन्ही गोष्टी एकाच वेळी खऱ्या कशा, हे मला आकड्यांतून उलगडत गेलं. ताटातली चरबी आपण ग्रॅममध्ये मोजतो. शरीराचा हिशेब कणांचा आणि वर्षांचा आहे.

एक चमचा शेंगदाणा तेल घ्या. पाच मिलिलिटर, वजन साडेचार ग्रॅम. त्यातल्या रेणूंची संख्या तीनावर एकवीस शून्यं. भास्कराचार्यांनी ‘लीलावती’त एक, दहा, शंभर अशी नावं देत सतरा शून्यांच्या परार्धापर्यंत मजल मारली. या चमच्यात असे तीस हजार परार्ध रेणू आहेत. पृथ्वीवरच्या आठशे कोटी माणसांत ते समान वाटले, तर प्रत्येकाच्या वाट्याला अडतीस हजार कोटी रेणू येतील.

शरीरापुढची पहिली अडचण अशी की तेल पाण्यात मिसळत नाही आणि चरबी तोडणारी विकरं पाण्यात असतात. तेल आणि पाणी जिथे भेटतात त्या पृष्ठभागावरच त्यांना काम करता येतं. चमचाभर तेलाचा एकच गोळा केला तर त्याचा पृष्ठभाग होतो १४ चौरस सेंटिमीटर, जेमतेम दोन पोस्टाच्या तिकिटांइतका. यावर विकरांचं भागणार नाही. म्हणून जठर ते घुसळतं, पित्त त्याला फोडतं आणि एक मायक्रॉन व्यासाचे बारीक थेंब होतात. त्या चमच्याचे असे साडेनऊ लाख कोटी थेंब होतात, आणि त्यांचा एकत्रित पृष्ठभाग भरतो ३० चौरस मीटर. चौरस फुटांत सांगायचं तर सव्वातीनशेच्या जवळ, म्हणजे मुंबईतल्या एका खोली-स्वयंपाकघराची जागा. लहान आतड्याच्या आतल्या अस्तराचं क्षेत्रफळ टेनिस कोर्टाइतकं असतं असं पाठ्यपुस्तकं वर्षानुवर्षं सांगत आली. स्वीडनमधल्या गोटेबोर्ग विद्यापीठातल्या दोन संशोधकांनी २०१४ साली नव्याने मोजून दाखवलं, की संपूर्ण पचनमार्गाचं अस्तर पसरलं तर ते ३२ चौरस मीटरच्या आसपास भरतं. एका चमच्याचा पसारा जवळजवळ तेवढाच.

पित्तातली आम्लं हा शरीराच्या काटकसरीचा नमुना आहे. एकूण साठा फक्त दोन ते चार ग्रॅमचा. यकृतातून आतड्यात, आतड्याच्या शेवटच्या भागातून पुन्हा यकृतात, अशा त्यांच्या दिवसाला सहा ते दहा फेऱ्या होतात. पंच्याण्णव टक्के आम्लं परत येतात. रोज अर्धा ग्रॅमच्या आसपास विष्ठेतून निसटतात, आणि ती तूट भरून काढायला यकृत कोलेस्टेरॉल वापरतं. ओट्स, कडधान्यं, मेथीदाणे यांतला विरघळणारा चोथा ही आम्लं धरून ठेवतो आणि बाहेर नेतो. तूट वाढली की यकृत रक्तातलं कोलेस्टेरॉल जास्त ओढून घेतं. उसळीचा कोलेस्टेरॉलशी संबंध येतो तो या वाटेने.

पुढचा प्रवास मला फार विलक्षण वाटतो. साखर आणि प्रथिनांचे घटक आतड्यातून थेट यकृतात जातात. लांब साखळीच्या मेदाम्लांना ती वाट नाही. आतड्याच्या पेशी त्यांची पुन्हा चरबी बनवतात, प्रथिनांच्या वेष्टनात गुंडाळतात आणि लसीकावाहिन्यांत सोडतात. तिथून छातीतली वाहिनी वर चढते आणि मानेच्या डाव्या बाजूला, गळपट्टीच्या हाडामागे मोठ्या नीलेत उघडते. तिथून पुढचा मुक्काम म्हणजे हृदयाचा उजवा कप्पा. पुरणपोळीवर सोडलेलं तूप यकृताआधी हृदयातून जातं. भरपूर तेलातुपाचं जेवण झाल्यावर तीन-चार तासांनी रक्त काढलं, तर त्यातला द्रव दुधाळ दिसतो. वाटेत हृदयाच्या केशवाहिन्या आपल्या वाट्याची मेदाम्लं उतरवून घेतात.

उरलेलं साठवलं जातं, आणि साठवणीसाठी चरबीसारखा दुसरा पदार्थ शरीराला सापडलेला नाही. एक ग्रॅम चरबीत नऊ कॅलरी, पिष्टमय पदार्थांत चार. शिवाय पिष्टमय पदार्थांचा साठा यकृत आणि स्नायूंत ग्लायकोजन म्हणून राहतो, आणि ते आपल्याबरोबर तिप्पट पाणी बाळगतं. सत्तर किलोच्या माणसात पंधरा किलो चरबी असली, तर तो १,३५,००० कॅलरी घेऊन फिरत असतो. हीच ऊर्जा ग्लायकोजनच्या रूपात ठेवायची, तर १३५ किलो ओझं लागेल आणि त्याच माणसाचं वजन होईल १९० किलो. चालणं, जिना चढणं, मुलाला कडेवर घेणं, सगळं चरबीच्या या आटोपशीरपणामुळे शक्य झालंय. ऑक्टोबर २०२२ मध्ये गॉडविट जातीचा एक लहानगा पक्षी अलास्काहून निघाला आणि अकरा दिवसांनी टास्मानियात उतरला. १३,५६० किलोमीटर. वाटेत अन्न नाही, पाणी नाही, जमिनीला पाय नाही. उड्डाणाआधी साठवलेल्या चरबीवर हे सगळं झालं, आणि चरबी जळताना जे पाणी तयार होतं त्याचा आधारही त्याला होताच.

माणसाच्या साठ्याची कमाल नोंद स्कॉटलंडमधली आहे. अँगस बार्बिएरी हा सत्ताविशीतला तरुण १९६५ साली डंडी शहरातल्या डॉक्टरांकडे गेला तेव्हा त्याचं वजन होतं २०७ किलो. पाणी, चहा-कॉफी, जीवनसत्त्वं आणि क्षार यांवर तो ३८२ दिवस राहिला. शेवटी वजन ८२ किलो होतं. डॉक्टरांनी ही नोंद १९७३ मध्ये वैद्यकीय नियतकालिकात छापली. त्याच काळात अशा दीर्घ उपवासांत इतर रुग्ण दगावलेही. हा उपाय वैद्यकाने सोडून दिला तो त्यामुळेच, आणि कुणी घरी करून पाहण्याची ही गोष्ट मुळीच नाही.

जाते कुठे ही चरबी? घाम, उष्णता, शौच, अशी उत्तरं लोक देतात. ऑस्ट्रेलियातल्या रूबेन मीरमन आणि अँड्र्यू ब्राउन यांनी विचारलं तेव्हा कितीतरी डॉक्टरांनीही चुकीचं उत्तर दिलं. २०१४ साली त्यांनी मांडलेला हिशेब असा: दहा किलो चरबी पूर्ण जळायला २९ किलो ऑक्सिजन आत घ्यावा लागतो, आणि २८ किलो कार्बन डायऑक्साइड व ११ किलो पाणी तयार होतं. त्या दहा किलोंपैकी ८.४ किलो श्वासावाटे हवेत जाते. उरलेली १.६ किलो पाणी होते.

चरबीच्या पेशी मात्र इतक्या सहजी जात नाहीत. शीतयुद्धातल्या अणुचाचण्यांनी हवेतला किरणोत्सारी कार्बन-१४ वाढवला होता, आणि १९६३ नंतर तो हळूहळू कमी होत गेला. त्याचं प्रमाण पेशींच्या डीएनएमध्ये मोजलं, तर पेशी कधी जन्मली ते कळतं. स्वीडनच्या कॅरोलिन्स्का संस्थेत कर्स्टी स्पाल्डिंग आणि सहकाऱ्यांनी २००८ मध्ये ही युक्ती वापरली. मेदपेशींची संख्या बालपणात आणि पौगंडावस्थेत ठरते, प्रौढपणी ती जवळपास स्थिर राहते आणि दरवर्षी दहा टक्के पेशी मरून तितक्याच नव्या येतात, असं त्यांना आढळलं. पंधरा किलो चरबीसाठी अंदाजे तीन हजार कोटी पेशी धरल्या, तर दिवसाला ८२ लाख पेशींची बदली होते. वजन उतरवणाऱ्यांच्या पेशी रोडावतात, संख्या तितकीच राहते. वजन पुन्हा का चढतं याची सगळी जबाबदारी माणसाच्या निश्चयावर टाकणं मला म्हणूनच अन्यायाचं वाटतं.

आता ताटाकडे. नीती आयोगाच्या २०२४ च्या अहवालानुसार भारतात खाद्यतेलाचा दरडोई वापर वर्षाला १९.७ किलो आहे. दिवसाला ५४ ग्रॅम. १४० कोटींनी गुणलं तर पावणेतीन कोटी टन, म्हणजे सुमारे तीन हजार कोटी लिटर. पाणी मोजण्याच्या आपल्या मापात हे एक टीएमसीहून थोडं अधिक भरतं. पुण्याचं खडकवासला धरण जवळजवळ दोन टीएमसीचं. देश दर दोन वर्षांनी एक खडकवासला भरेल इतकं तेल वापरतो, आणि त्यातलं निम्म्याहून जास्त परदेशातून जहाजांनी येतं.

एवढं तेल वाईट का? सरळ उत्तर देता येत नाही, कारण ग्रॅमच्या भाषेत विचारलेला हा प्रश्न शास्त्रज्ञांनाही पन्नास वर्षं चकवत आला. अमेरिकी शास्त्रज्ञ अँसेल कीज यांनी १९५८ पासून सात देशांत १२,७६३ पुरुषांचा पाठपुरावा केला. पूर्व फिनलंड आणि ग्रीसचं क्रीट बेट, दोन्हीकडे जवळपास चाळीस टक्के ऊर्जा चरबीतून येत होती. फिनलंडमध्ये हृदयविकाराचे मृत्यू सर्वाधिक, क्रीटमध्ये सर्वांत कमी. एकीकडे लोणी आणि साय, दुसरीकडे ऑलिव्ह तेल. अमेरिकेत ४८,८३५ स्त्रियांवर चाललेल्या मोठ्या प्रयोगात जेवणातली एकूण चरबी कमी केली गेली. आठ वर्षांनी हृदयविकारात म्हणावा असा फरक दिसला नाही. लोणी काढून त्या जागी साखर आणि मैदा आला तर पदरात काही पडत नाही. संपृक्त चरबी कमी करण्याच्या चाचण्या २०२० मध्ये एकत्र तपासल्या गेल्या, तेव्हा हृदय आणि रक्तवाहिन्यांच्या घटना सुमारे १७ टक्क्यांनी कमी झालेल्या दिसल्या. खोबरेल तेलात जवळजवळ नव्वद टक्के संपृक्त चरबी असते, तुपात साठ-पासष्ट, पामतेलात निम्मी, शेंगदाण्यात सतरा-अठरा आणि करडईत सात-आठ टक्के. चमचा तोच, ग्रॅम तेच, परिणाम निराळे.

एका चरबीबद्दल मात्र मला कसलाही किंतु नाही. तेलात हायड्रोजन घालून ते घट्ट करण्याची कृती विसाव्या शतकाच्या सुरुवातीला निघाली आणि १९३७ मध्ये डालडा भारताच्या स्वयंपाकघरांत शिरला. या प्रक्रियेत तयार होणारी ट्रान्स चरबी एलडीएल, म्हणजे ‘वाईट’ कोलेस्टेरॉल, वाढवते आणि एचडीएल, म्हणजे ‘चांगलं’ कोलेस्टेरॉल, उतरवते. रोजच्या ऊर्जेतले दोन टक्के ट्रान्स चरबीतून आले की हृदयविकाराचा धोका २३ टक्क्यांनी वाढलेला दिसतो. २,००० कॅलरींच्या आहारात दोन टक्के म्हणजे साडेचार ग्रॅम. एक चमचा! डेन्मार्कने २००३ मध्ये तिच्यावर कायद्याने मर्यादा घातली. भारतात तेला-तुपातलं तिचं कमाल प्रमाण दोन टक्क्यांवर यायला जानेवारी २०२२ उजाडलं.

मग शरीर काय मोजतं? रक्तात चरबी आणि कोलेस्टेरॉल सुटे फिरत नाहीत, ते कणांत बांधलेले असतात. त्यांतला एलडीएल कण २२ नॅनोमीटर व्यासाचा. प्रत्येकावर ४,५३६ अमिनो आम्लांच्या साखळीचं एकच प्रथिन गुंडाळलेलं. पोटात कोलेस्टेरॉलचे दोन हजारांच्या आसपास रेणू. साधारण प्रौढ माणसाच्या तीन लिटर रक्तद्रवात असे किती कण असतात? अंदाजे १८ परार्ध. एकापुढे एक ठेवले तर रांग चार कोटी किलोमीटर लांब होईल. चंद्रापर्यंतच्या अंतराच्या शंभरपट, आणि सूर्याच्या वाटेवर पाव अंतराहून पुढे.

प्रत्येक कण रक्तात अडीच दिवस राहतो असं धरलं, तर शरीरात दर सेकंदाला आठ लाख कोटी नवे कण येतात आणि तितकेच निघून जातात. त्यांना काढून घेण्याचं काम मुख्यतः यकृताचं. यकृताच्या पेशींवर एलडीएलला पकडणारे रिसेप्टर असतात. अमेरिकेतल्या डॅलसमध्ये मायकेल ब्राउन आणि जोसेफ गोल्डस्टीन यांनी १९७० च्या दशकात ते शोधले आणि १९८५ चं नोबेल त्यांना मिळालं. एक रिसेप्टर कण पकडून पेशीच्या आत जातो, त्याला सोडतो आणि परत वर येतो. फेरीला दहा मिनिटं. आयुष्य अवघं वीस तासांचं, पण तेवढ्यात शंभराहून जास्त फेऱ्या. संपृक्त चरबी जास्त खाल्ली की यकृतावरचे हे रिसेप्टर कमी होतात. कणांचा मुक्काम अडीच दिवसांवरून साडेतीन दिवसांवर गेला, तर निर्मिती तेवढीच राहूनही रक्तातली संख्या चाळीस टक्क्यांनी वाढते. लोण्याच्या ग्रॅमचं रूपांतर कणांच्या संख्येत होतं ते असं.

साखर आणि मैद्याची वाट वेगळी. गरजेपेक्षा जास्त आलेल्या साखरेची यकृत चरबी बनवतं, ट्रायग्लिसराइड वाढतात, एचडीएल घटतं आणि एलडीएलचे कण आकाराने लहान पण संख्येने जास्त होतात. अहवालातला कोलेस्टेरॉलचा आकडा ठीक दिसतो, कण मात्र वाढलेले असतात. आपल्याकडे हेच जास्त दिसतं. भारतभर केलेल्या आणि २०२३ मध्ये प्रसिद्ध झालेल्या आयसीएमआर-इंडियाब पाहणीत ८१.२ टक्के प्रौढांच्या रक्तातल्या चरबीत काही ना काही बिघाड आढळला.

पुण्याच्या केईएम रुग्णालयातले डॉ. चित्तरंजन याज्ञिक यांनी या गोष्टीचं मूळ फार मागे नेऊन दाखवलं. पुण्याजवळच्या सहा गावांत त्यांनी गर्भवती स्त्रिया आणि त्यांची बाळं यांचा अभ्यास १९९३ मध्ये सुरू केला. ही बाळं सरासरी २.७ किलोची, इंग्लंडच्या साउदॅम्प्टनमधली साडेतीन किलोची. पुण्याची बाळं स्नायूंत, पोटाच्या अवयवांत कमी होती. त्वचेखालची चरबी त्यांनी जवळपास राखलेली होती. हडकुळी दिसणारी, पण आतून मेदाची. २००४ मध्ये ‘लॅन्सेट’ने याज्ञिक आणि त्यांचे ब्रिटिश मित्र जॉन युडकिन यांचं शेजारी-शेजारी छायाचित्र छापलं. दोघांचा बीएमआय, म्हणजे उंचीच्या मानाने वजनाचं माप, अगदी एकच, २२.३. युडकिन यांच्या शरीरात चरबी ९.१ टक्के, याज्ञिकांच्या २१.२ टक्के. वजनकाट्याला हे कधीच कळलं नसतं. बावन्न देशांत झालेल्या इंटरहार्ट अभ्यासात दक्षिण आशियातल्या माणसांचं पहिल्या हृदयविकाराच्या झटक्याचं वय ५३ निघालं, इतरांचं जवळजवळ ५९. भर संसारातली ही वर्षं. मुलांची शिक्षणं व्हायची असतात, घराचे हप्ते अर्धे राहिलेले असतात.

आता उरतो काळाचा हिशेब, आणि माझ्या मते तो सर्वांत महत्त्वाचा आहे. अठरा परार्ध कणांपैकी काही अगदी मोजके धमनीच्या अस्तरातून आत शिरतात आणि अडकतात. पांढऱ्या पेशी त्यांना गिळायला येतात, गिळून फुगतात आणि तिथेच मरतात. मरतात त्या ठिकाणी थर साचतो. कोरियन युद्धात मारल्या गेलेल्या ३०० अमेरिकी सैनिकांची हृदयं डॉक्टरांनी तपासली होती, तो अहवाल १९५३ मध्ये प्रसिद्ध झाला. सरासरी वय २२. त्यांच्यातल्या ७७.३ टक्के तरुणांच्या हृदयाच्या धमन्यांत रोगाच्या खुणा सापडल्या. झटका मात्र बहुतेकदा तीस-चाळीस वर्षांनी येतो, जेव्हा त्या थरावरचं पातळ आवरण फाटतं. धोकादायक आवरणाची जाडी ६५ मायक्रॉनहून कमी असते, म्हणजे केसाइतकी किंवा त्याहूनही पातळ. त्या फटीवर रक्ताची गुठळी बसते आणि तीन-चार मिलिमीटरची धमनी काही मिनिटांत बंद होते.

म्हणून संशोधक आता रक्ताच्या अहवालातल्या एलडीएलच्या आकड्याला (डेसिलिटरमागे मिलिग्रॅम) वर्षांनी गुणतात. १२० चं एलडीएल चाळीस वर्षं, गुणाकार ४,८००. कौटुंबिक हायपरकोलेस्टेरोलेमिया या आनुवंशिक आजारात आई आणि वडील दोघांकडून सदोष जनुक आलं, तर रिसेप्टर जवळजवळ कामच करत नाहीत आणि एलडीएल जन्मापासून सहाशेच्या घरात असू शकतं. ६०० गुणिले ८ वर्षं, पुन्हा ४,८००. चाळिशीतल्या माणसाच्या धमन्यांनी जेवढं सोसलं, तेवढं तिसरी-चौथीतल्या मुलाच्या धमन्यांनी सोसलेलं असतं. टेक्सासमधली स्टॉर्मी जोन्स ही अशीच मुलगी. सहाव्या वर्षीच तिचं हृदय निकामी होत आलं होतं. फेब्रुवारी १९८४ मध्ये पिट्सबर्गमध्ये थॉमस स्टार्झल यांच्या चमूने तिला नवं हृदय आणि त्याबरोबर नवं यकृतही दिलं. अशी दुहेरी शस्त्रक्रिया जगात पहिलीच होती. नव्या यकृतावर चांगले रिसेप्टर होते. हजाराच्या घरातलं तिचं कोलेस्टेरॉल काही आठवड्यांत तीनशेच्या आसपास आलं. आहार कितीही बदलला असता तरी हे घडलं नसतं. ती १९९० मध्ये गेली, तेरा वर्षांची होऊन.

याच्या नेमकी उलट माणसंही आहेत. पीसीएसके९ नावाचं प्रथिन एलडीएल रिसेप्टरचा नाश घडवतं. ते बनवणारं जनुक ज्यांच्यात जन्मतः अर्धं बंद असतं, त्यांचे रिसेप्टर जास्त टिकतात. अमेरिकेत पंधरा वर्षं पाठपुरावा केलेल्या गटात कृष्णवर्णीयांपैकी २.६ टक्के लोक असे होते. त्यांचं एलडीएल २८ टक्क्यांनी कमी होतं, आणि हृदयविकाराचा धोका कमी होता तब्बल ८८ टक्क्यांनी. जोनाथन कोहेन आणि हेलन हॉब्स यांनी २००६ मध्ये हे प्रसिद्ध केलं. त्यांच्यातल्या पुष्कळांना रक्तदाब होता, काहींना मधुमेह, काही धूम्रपानही करत. तरी एवढा फरक. स्टॅटिनच्या गोळ्यांनी एलडीएल ३९ अंकांनी उतरवलं, तर पाच वर्षांत धोका सुमारे एक पंचमांशाने कमी होतो. तेवढंच एलडीएल जन्मापासून कमी असेल तर धोका निम्म्याहून कमी होतो. औषध घेणाऱ्याच्या हाती पाच वर्षं असतात, अशा माणसाच्या हाती सगळं आयुष्य असतं.

कौटुंबिक हायपरकोलेस्टेरोलेमियाचा एकेरी प्रकार, म्हणजे एकाच पालकाकडून आलेला दोष, जगात साधारण अडीचशे माणसांत एकाला असतो. हेच प्रमाण धरून १४० कोटींना भागलं तर भारतात ५६ लाख माणसं होतात. मुंबईतल्या भरलेल्या लोकलमध्ये अशी किती माणसं उभी असतील, हा भागाकार वाचकाने स्वतः करावा. बहुतेकांना आपल्यातल्या या दोषाचा पत्ता नसतो. उपचाराविना १९० च्या वर राहणारं एलडीएल, टाचेमागच्या जाड शिरेवर आलेल्या गाठी, पंचेचाळिशीच्या आत बुबुळाभोवती दिसणारं पांढरं कडं, घरात कमी वयात आलेला झटका, या त्याच्या खुणा. एक रुग्ण सापडला की त्याच्या प्रत्येक सख्ख्या भावंडाला आणि प्रत्येक अपत्याला तो असण्याची शक्यता निम्मी. नेदरलँड्सने १९९४ पासून याच आधारावर रुग्ण शोधले. एका रुग्णापासून सुरुवात करायची आणि आई-वडील, भावंडं, मुलं, मावस-चुलत नातेवाईक असं पुढे तपासत जायचं. वीस वर्षांत पंचवीस हजारांहून अधिक माणसं त्यांना सापडली. अमेरिकेतले बालरोगतज्ज्ञ ९ ते ११ या वयात प्रत्येक मुलाचं कोलेस्टेरॉल एकदा तपासायला सांगतात. आपल्याकडे जिल्ह्याच्या गावात ही चाचणी काही शे रुपयांत होते. ज्या घरात वडिलांना किंवा काकांना पन्नाशीच्या आत झटका आलेला आहे, त्या घरातल्या चौथी-पाचवीच्या मुलांची ती याच वर्षी करून घ्यावी.